मुगवड्या घेऊन राजवाड्यात

कापसाच्या दिवसांत आमच्या मंगरूळपिरात कोणाच्याही अंगाकडे पाहा, रुईचा एखादा तरी पुंजका चिकटलेला दिसणारच. झटकला तर उडून शेजारच्याच्या खांद्यावर बसतो. आमच्या गल्लीतल्या किस्स्यांचंही तसंच आहे. कोणी मुद्दाम गोळा करत नाही. पण फुलचंदशेठच्या दुकानापुढच्या बाकावर चार जण टेकले, की एकाचा किस्सा दुसऱ्याच्या अंगावर उडतो, आणि घरी जाईपर्यंत माणूस पार पांढरा होतो!

त्यातले निम्मे किस्से एकाच दिवसाचे आहेत. ओंकारेश्वराची यात्रा करून येताना आम्ही वाट थोडी वाकडी केली आणि एका संस्थानचा जुना राजवाडा पाहिला, त्या दिवसाचे. संस्थानाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं आमच्याशी फार चांगली वागली, आणि आम्ही तिथे काय काय केलं हे ती विसरली असतील तर बरंच आहे!

आम्ही सहाजण होतो. आबा म्हणजे माझे थोरले काका. माझे वडील मी लहान असतानाच गेले. आबांनीच मला वाढवलं, कॉलेजात घातलं, बी.ए. केलं. तेव्हापासून गल्लीत मला नावाने कोणी हाक मारत नाही. सगळ्यांचा मी 'बीए'! मोठी माय म्हणजे माझी काकू. तिची मुलगी गंगू माझ्याहून लहान. लग्न झालं त्याच वर्षी तिचा नवरा तापाने गेला आणि ती माहेरी परत आली. आमच्या घराण्यात मुलीचं दुसरं लग्न लावत नाहीत. चौथे फुलचंदशेठ, आमचे जैन शेजारी, किराण्याचे दुकानदार. आणि पाचवा सखाराम. चार एकराचा धनी आणि चारशे एकराच्या गप्पांचा!

गंगूला अमरावतीला जाऊन मास्तरणीचं ट्रेनिंग घ्यायचं होतं. सातवी ती चांगल्या मार्कांनी पास झालेली. दुपारी ओसरीवर बसून गल्लीतल्या पोरींना अक्षरं शिकवायची. पण आबा 'नाही' म्हणत होते. मला कॉलेजात घालणारे आबा, आणि स्वतःच्या मुलीला नाही! या यात्रेत त्यांच्याकडून 'हो' घ्यायचंच, असं मी ठरवून निघालो होतो. मूर्तिजापूर ते खंडवा मी हाच विषय काढत होतो. ओंकारेश्वरी नर्मदेत गळ्याइतक्या पाण्यात उभे असतानाही काढला. आबांनी नाक धरून बुडी मारली, वर आले आणि म्हणाले, "नाही."

* * *

राजवाडा पाहायचा ठरला तेव्हा सखारामने पहिला प्रश्न विचारला, "राजा घरी असन काय? नाही तं एवढं जाऊन दाराले कुलूप!"

मी समजावलं, की हा जुना वाडा आहे, राजेसाहेब नव्या बंगल्यात राहतात, इथे फक्त थोरल्या राणीसाहेब असतात. आपल्याला नुसतं पाहायचं आहे.

"म्हणजे घरात बाईमाणूस हाये," मोठी माय म्हणाली आणि तिने सगळ्यांची गाठोडी सोडायला सुरुवात केली.

"काय शोधून राह्यली व?" आबांनी विचारलं.

"पहिल्यांदा कोणाच्या घरी जाऊन राह्यलो. हात हालवत जाता काय?"

मी कपाळाला हात लावला. "मोठी माय, तो राजवाडा आहे! तिथे सोन्याच्या ताटात जेवतात."

"ताट सोन्याचं असलं तरी त्यात काही वाढा लागते ना?"

शेवटी यात्रेसाठी घरून आणलेल्या मुगवड्या सापडल्या. मोठ्या मायने स्वतः गच्चीवर वाळवलेल्या. त्या तिने स्वच्छ फडक्यात बांधल्या, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि आम्ही राजदर्शनाला निघालो. सबंध रस्ताभर मी त्या पुरचुंडीपासून दहा पावलं पुढे चालत होतो, कोणाला वाटू नये की ती माझ्याबरोबर आहे!

* * *

मोठ्या दरवाज्यावर पहारेकरी होता. भाला, लाल पट्टा, मिशा. त्याने सगळ्यांना सोडलं आणि माझ्या डोक्याकडे बोट केलं.

"ही टोपी चालणार नाही."

माझी पांढरी खादीची टोपी! मला हेच हवं होतं. आदल्या रात्री झोप येईना तेव्हा मी अशाच प्रसंगाचं भाषण मनात तयार करून ठेवलं होतं. मी सुरू झालो. माणसाचं डोकं कोणाच्या मालकीचं, रयत म्हणजे काय, सत्ता कोणाच्या जिवावर उभी असते. पहारेकरी शांतपणे ऐकत होता. माझं झाल्यावर म्हणाला, "बरोबर आहे. पण पागोट्याशिवाय आत सोडलं तर माझी नोकरी जाते."

याच्यावर माझ्याजवळ भाषण नव्हतं. पण टोपीही काढणार नव्हतो. मी म्हणालो, "तुम्ही सगळे जा. मी इथेच बसतो."

शेठ म्हणाले, "चला मग, कोणीच नको जाऊ." सखाराम म्हणाला, "मी बाहेरूनच पाह्यला असं सांगीन, गावात कोणाले काय समजते!" मोठी माय पुरचुंडी धरून उभी.

आबांनी डोक्यावरचा पटका सोडला. यात्रेसाठी घेतलेला नवा कोरा पटका, पहिल्यांदाच बांधलेला! सखारामच्या कमरेचा अडकित्ता मागून घेतला, काठाला एक चीर दिली आणि टर्रकन् मधोमध दोन तुकडे केले. एक स्वतः गुंडाळला. दुसरा घेऊन माझ्यापुढे आले.

"आबा, मी टोपी काढणार नाही."

"काढ म्हणून कोण म्हणते तुले? मान वाकव."

आणि त्यांनी टोपीवरूनच पटका बांधला, घट्ट, लहानपणी बांधायचे तसा. दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि म्हणाले, "खाली तुहं, वर माहं. चाल आता."

पहारेकऱ्याने सगळं पाहिलं होतं. त्याने भाला उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि मला चक्क मुजरा केला!

* * *

आत वाडा दाखवायला खासगीकडचे एक म्हातारे कारकून आले. अंगरखा, कानाला अत्तराचा फाया, बोलणं असं की प्रत्येक वाक्याखाली जणू लोड ठेवलेला. पहिल्या चौकात त्यांनी आम्हाला पाणी दिलं. चांदीची झारी, वाळा घातलेलं थंडगार पाणी.

शेठनी स्वतःचा गडू काढला, त्यावर दुहेरी फडकं धरलं आणि पाणी गाळून घेतलं. पाणी वाढणाऱ्या शिपायाचा चेहरा पडला.

"शेठजी, सरकारच्या वाड्यातलं पाणी गाळता?"

"पाणी कोणाचंही असो, मी गाळूनच पितो. माझा धर्म आहे तो." आणि पिऊन झाल्यावर ओलं फडकं जपून हातात धरून शेठ विचारते झाले, "हे पाणी कोणत्या विहिरीचं?"

शेठचा नियम असा, की ज्या पाण्यातले बारीक जीव फडक्यात आले ते त्याच पाण्यात परत सोडायचे. दुसऱ्या पाण्यात ते जगत नाहीत. घरी ठीक आहे, आडातच पाणी आणि आडातच फडकं. पण राजवाड्यात विहिरी पाच-सहा! शिपायाला माहीत नव्हतं. त्याने पाणक्याला विचारलं. पाणक्या म्हणाला, सकाळचं पाणी दुसऱ्याने भरलं. दुसरा जेवायला गेला होता. कोणीतरी त्याला बोलवायला पळालं. आणि या सगळ्या वेळात शेठ ते फडकं दोन हातांवर तोलून असे उभे, जणू त्यात तान्हं मूल आहे!

सखाराम म्हणाला, "शेठ, सोडा ना त्यायले इथंच कारंज्यात. त्यायले बी राजवाडा पाह्याचा असन!"

"तुझ्या गावाहून उचलून कोणी तुला इथे ठेवलं तर चालेल काय?"

सखारामने वर कमानींकडे पाहिलं, खाली संगमरवराकडे पाहिलं. "पंधरा दिवस चालन."

शेवटी विहीर सापडली. मागच्या बागेतली, पायऱ्यांची. आम्ही सगळे, कारकून, शिपाई आणि पाणके, अशी मिरवणूकच तिकडे गेली. शेठ खाली उतरले आणि त्यांनी फडकं हलक्या हाताने पाण्यात धुतलं. कारकून वरून पाहत होते. म्हणाले, "तीस वर्षं वाडा दाखवतो आहे. पाहुणे तोफा कुठे आहेत विचारतात, खजिना कुठे आहे विचारतात. पाण्याचं घर विचारणारे आपण पहिले!"

* * *

मग दरबाराचं दालन. छताला सोनेरी वेलबुट्टी, आरशांच्या कमानी, हंड्या, झुंबरं. आणि खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच गालिचा. कारकून सरळ मधे जाऊन उभे राहिले आणि सांगू लागले, कोणत्या महाराजांनी कोणत्या लढाईनंतर हे दालन बांधलं. थोडं सांगून वळून पाहतात तो मागे कोणीच नाही!

मोठी माय उंबऱ्यातच थांबली होती. गालिच्यात कमळं विणलेली आणि कमळांच्या मधे मोर.

"मी नाही पाय देणार," ती म्हणाली. "लक्ष्मी कशावर बसते? अन् सरस्वती?"

"अहो बाई, ते सूत आहे," कारकून लांबून म्हणाले.

"मूर्ती बी दगडच राह्यते ना!"

मी तिला म्हणालो की इथे मोठमोठे साहेब बुटांसह चालून जातात. ती म्हणाली, "त्यायले त्यायच्या मायनं सांगितलं नसन. तुले मी सांगितलं हाये."

गालिचा आणि भिंत यांच्यामधे वीतभर फरशी उघडी होती. तिच्यावरून मोठी माय भिंतीला पाठ लावून एक-एक पाऊल सरकू लागली. तिच्यामागे गंगू, मग शेठ, मग वहाणा काखेत मारलेला सखाराम. ओंकारेश्वराला देवळाबाहेरून त्याची जुनी जोडी गेली होती, तेव्हापासून त्याचा पायरीवर विश्वास नव्हता. त्याच्यामागे आबा. आणि सगळ्यांच्या शेवटी, पाठीला भिंत घासत, बी.ए.!

गंगू वळून हळूच म्हणाली, "दादा, सांभाळ. त्या कोपऱ्यात मोराचं शेपूट भिंतीपर्यंत आलं हाये. तिथं उडी मारा लागन."

कारकून बिचारे दालनाच्या मधोमध एकटे. आम्ही त्यांच्याभोवती फिरतो आहोत आणि ते आमच्याबरोबर गोल वळत इतिहास सांगताहेत. तख्त, छत्र, चवऱ्या, सगळं आम्ही असं प्रदक्षिणा घालत पाहिलं. आणि बाहेर पडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी एकदा पायाखालच्या मोराकडे पाहिलं, अंगरखा गोळा केला, आणि तेही टाचा उचलत उचलत कडेला आले आणि भिंतीला लागून निघाले!

* * *

पुढे जनाना. तिथे पुरुषांना मनाई. पण त्या वाड्याचा एक रिवाज होता: नर्मदेचं स्नान करून आलेल्या बायका आल्या, की थोरल्या राणीसाहेब त्यांना भेटतात. मोठी माय आणि गंगू आत गेल्या. आम्ही चौघे बाहेरच्या चौकात लिंबाखाली बसलो.

अशी संधी पुन्हा येणार नव्हती. गंगू समोर नाही, मोठी माय नाही, आबांना उठून जायला जागा नाही. मी सुरू झालो.

"आबा, हा वाडा पाहिलात ना? हे सगळं काय कामाचं? तिकडे अमरावतीला एका लहानशा इमारतीत बायका शिकून बाहेर पडतात, गावोगाव शाळा चालवतात. गंगूला दोन वर्षं द्या फक्त."

"नाही."

"का पण?"

"तिले घरी काय कमी हाये?"

"कमी काही नाही. पण ती दिवसभर करते काय?"

"काही करा लागू नये म्हणूनच तं ठेवली." आबांचा आवाज जरा चढला. "तिच्या वाट्याले जे आलं ते आलं. पुढं तिले कोणी उणं बोलू नये, कोणाच्या दारात उभं राहा लागू नये. उन्हात पाठवत नाही, वावरात पाठवत नाही. अरे, राजाच्या पोरीवानी ठेवली मी तिले!"

माझा तोल गेला. मी असं काही बोललो, की जे मी दुसऱ्या कोणाच्या काकांना बोललो असतो तर त्यांनी मला तिथेच सोडून गाव गाठलं असतं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. अर्धा पटका कपाळावर सरकला होता तो नीट केला.

"झालं तुहं? मंग ऐक. तू गेला कॉलेजले, तवा घर अर्धं झालं. आता ती गेली का उरलं काय?"

इतक्या वर्षांत आबा असं कधी बोलले नव्हते. शेठनी दुसरीकडे पाहिलं. सखारामनेच मग खिशातून सुपारी काढली, कातरली आणि पहिलं खांड आबांपुढे धरत म्हणाला, "पाटील, घ्या. राजवाड्यातला लिंब हाये, पण सावली आपल्याच वावरातल्यावानी हाये."

* * *

आत काय झालं ते आम्हाला संध्याकाळी स्टेशनवर कळलं. गाडीला वेळ होता. मोठी माय प्लॅटफॉर्मवर गाठोड्याला टेकून सांगत होती आणि आम्ही भोवती बसलो होतो.

आत गेल्यावर दासी हळदकुंकवाचं तबक घेऊन आली. गंगू आपणहून खांबाआड सरकली. मोठ्या मायने कुंकू लावून घेतलं आणि समोर पाहिलं तर गादीवर एक म्हातारी बाई, पांढरं पातळ, कपाळ मोकळं. मोठ्या मायने पुरचुंडी पुढे केली.

"घे व बाई. मुगवड्या हायेत, घरच्या."

एक दासी लगबगीने कानाशी येऊन कुजबुजली, "सरकार म्हणा, सरकार. 'घ्यावं' म्हणा."

"मग तुम्ही काय म्हणालात?" शेठनी घाबरून विचारलं.

"मी म्हटलं, आमी देवाले तू म्हणतो, अन् इले तुमी म्हणू काय?"

सखारामने कानाला हात लावले. पण राणीसाहेब हसल्या म्हणे. म्हणाल्या, "म्हणू द्या गं तिला. मला तू म्हणणारं या वाड्यात कोणी उरलेलं नाही."

त्यांनी पुरचुंडी स्वतः सोडली, एक वडी नाकाशी धरली. दासीने वड्या काढून घेतल्या आणि रिकामं फडकं घडी करून परत दिलं. मोठी माय फडकं मांडीवर घेऊन बसून राहिली. उठेचना. दासी एकमेकींकडे पाहू लागल्या. आता आमच्याकडे तर कोणी कोणाचं फडकं रिकामं परत देत नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. तेवढं झाल्याशिवाय मोठी माय उठणार कशी? राणीसाहेबांच्या लक्षात आलं. "अगं, माझ्या माहेरीही असंच करत," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने खोबऱ्याची वाटी आणि खडीसाखर फडक्यात बांधून दिली.

मग त्यांनी विचारलं, "घाटावरून काय दिसलं ते सांग."

"म्हणजे राणी कधी नर्मदेवर गेलीच नाही?" मी विचारलं.

"गेल्ती," मोठी माय म्हणाली. "लय वेळा गेल्ती. पण राणी आंघोळीले गेली का चारी बाजूनं कनाती लावतात. वरून बी कापड. मले म्हणे, 'नर्मदा मी कनातीएवढीच पाहिली आहे.'"

मोठ्या मायने पदर सावरला आणि पुढे सांगू लागली.

"आता मी काय सांगू? मी म्हटलं, पाणी होतं, लय पाणी होतं. ते बाई एवढंसं तोंड करून बसली. तवा ही खांबाआडून आली."

गंगूने मान खाली घातली. "काही नाही गा. तबकातले तांदूळ घेतले अन् फरशीवर मांडून दाखोलं. इथं डोंगर, इकडून एक धार, तिकडून एक धार, मधी देऊळ. नावा कुठं लागतात, माकडं कुठं बसतात, पलीकडचा घाट किती दूर दिसते."

"ते बाई गादीवरून खाली उतरली," मोठी माय म्हणाली. "फरशीवर बसली हिच्याजोळ. बोटानं धार धरून धरून जाये अन् विचारे, 'इथून पुढे कुठे जाते?' ही सांगे. कितीतरी येळ. निघताना मले विचारलं, 'तुझी मुलगी फार छान शिकवते. काय करते ही?'"

"मग?" मी पुढे सरकलो.

"मी म्हटलं, काही नाही. घरीच राह्यते. काही कमी नाही तिले." मोठ्या मायने आबांकडे पाहिलं नाही; रुळांकडे पाहिलं. "तं ते म्हणाली, 'म्हणजे माझ्यासारखीच.'"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेठनी माझा गुडघा असा दाबला की आजही आठवतो. शेठ, तुमचे उपकार आहेत!

आबा उठले आणि प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत जाऊन उभे राहिले. गाडी येईपर्यंत तिथेच होते.

* * *

खंडव्याला तिकिटं काढायला नेहमीसारखा मी निघालो, तर आबा म्हणाले, "तू बस. मी काढतो." मला वाटलं, चौकातल्या भांडणाचा राग आहे. मी बसलो. पुढे भुसावळला गाडी बदलली. शेगाव गेलं, अकोला गेलं, आबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. गंगू खिडकीशी बसून बाहेर पाहत होती. मी मनातल्या मनात भाषणं तयार करत होतो आणि खोडत होतो.

दुपारी मूर्तिजापूर आलं. इथे आम्ही उतरायचं, कारंज्याची छोटी गाडी धरायची आणि तिथून मोटारीने घर. एकच धांदल उडाली. शेठ गडू सांभाळत उतरले, सखारामने वहाणा काखेत मारल्या, मी गाठोडी खाली देऊ लागलो. मोठी माय फलाटावर उभी राहून घेत होती. गंगूचं गाठोडं दिलं तर तिने ते पुन्हा वर ढकललं.

"ते राहू दे."

"अगं, गाडी सुटेल!"

"राहू दे म्हटलं ना!"

मी वळून पाहिलं. आबा बाकावरून हललेच नव्हते. अर्धा पटका नीट बांधलेला, हात गुडघ्यावर. गंगू गोंधळून उभी.

"आबा, मूर्तिजापूर आलं. उतरा!"

"तुमी उतरा," आबा म्हणाले. "आमच्या दोघाचं तिकीट बडनेऱ्याचं हाये."

बडनेरा म्हणजे पुढचं जंक्शन. अमरावतीला जाणारे तिथे उतरतात.

गंगू मटकन् बाकावर बसली. "आबा," ती म्हणाली, "खरंच?"

"राजवाडा पाह्यला. आता शाळा पाहून येऊ," आबा म्हणाले. "पाह्याले काय लागते?"

"अन् माह्या कपड्यायचं?"

"तुही माय पाठवन मागून. ते घरी पोचली का पह्यलं तेच काम करणार हाये. इचार तिले."

फलाटावर मोठी माय पदराने डोळे पुसत होती आणि सखारामला सांगत होती की डोळ्यात इंजिनाचा कोळसा गेला. गार्डने शिट्टी दिली. मी फलाटावर उतरलो होतो तो धावत पुन्हा पायरीवर चढलो. माझं सगळं कॉलेज, सगळी भाषणं, सगळं आयुष्य त्या एका मिनिटाला उपयोगी पडणार होतं!

"आबा, मीही येतो! तिथल्या मोठ्या बाईंशी मी बोलतो, त्यांना सगळं नीट समजावून..."

आबांनी दारातून माझ्या छातीवर हात ठेवला आणि मला हळूच, पण अगदी पक्कं, फलाटावर उतरवलं.

"तू घरी जा, बीए," ते म्हणाले. गाडी हलली. "तू बोलाले लागला का मले 'नाही' म्हणाची सवय लागली हाये!"